पुडीची गाठ

सिस्टरनं स्ट्रेचर ऑपरेशन थिएटरच्या दारात थांबवलं आणि हात पुढे केला.

“गळ्यातलं काढा.”

चनमल्लप्पांनी मान उचलून दोरा काढला आणि इष्टलिंगाची चांदीची डबी बायकोच्या ओंजळीत ठेवली. आपल्या दुकानात गिऱ्हाइकाच्या हातात सुपारीची पुडी ठेवावी इतक्या सहज. जन्मात कधी आपणहून कुणाच्या हाती न दिलेलं लिंग, आणि हे असं. महादेवीला ते सहजपणच आवडलं नाही.

“जपून ठेव,” ते म्हणाले. “आन् रडत बसू नको. डोळं सुजलं की तू तुझ्या आईवानी दिसतीस.”

दार मिटलं.

आणीबाणी उठली त्या साली आतड्याची गाठ काढली, तेव्हा हेच चनमल्लप्पा लिंग काढायला तयार नव्हते. रिकामी डबी देऊन त्यांनी ते गालात दडवलं होतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं म्हणून बरं. “घशात अडकलं असतं तर आम्हाला कापायची गरजच उरली नसती,” असं ते सगळ्यांदेखत ओरडले, आणि मंगळवार पेठेत ती गोष्ट महिनाभर पुरली.

यंदा कॅन्सर यकृतात उतरला होता. मोठ्या डॉक्टरांनी समजावलं होतं: आधी इंजेक्शनं देऊन गाठी आकसवायच्या, मग तेवढा भाग कापून काढायचा, नुसत्या औषधानं भागायचं नाही, नुसत्या सुरीनंही नाही. गाठी आकसल्या, चनमल्लप्पाही आकसले. तोंडभर फोड आले. ताकात कुस्करलेली भाकरीसुद्धा झोंबायची. “यकृतातून रक्त फार जातं,” डॉक्टर तिला बाजूला घेऊन म्हणाले होते. “आवरलं तर आवरलं.” तो ‘तर’ तेव्हापासून तिच्या पोटात बसून होता.

“डबी कपाळाला लाव की,” बाकावरून थोरली जाऊ नागव्वा म्हणाली.

महादेवीनं डबी उचलली. हलकी लागली. झाकण उघडलं, तर आत नुसती विभूतीची पूड.

“अक्का, ह्यांनी पुन्हा तोंडात घातलंय.”

नागव्वा काही बोलायच्या आत ती दारापाशी पोचली आणि दोन्ही हातांनी दार बडवू लागली. थोरल्या जावेपुढं कधी आवाज न चढवलेली बाई.

सिस्टर बाहेर आली.

“भूल देऊ नका. लिंग त्यांच्या तोंडात हाय. आधी तोंड बघा.”

सिस्टर आत पळाली. महादेवी दाराला हात टेकून उभी राहिली. आता सगळ्यांसमोर पुन्हा शोभा होणार. आयुष्यभर बोलून दाखवतील. दाखवू देत. बोलायला माघारी तर येऊ देत.

“बाई, तोंडात फोडांशिवाय काही नाही,” सिस्टर परत येऊन म्हणाली. “जीभ उचलून बघितली, कपडे झटकले. आता भूल दिली.”

“काय म्हणाले का?”

“हसले. म्हणाले, सकाळी गाठ कुणी बांधली, आठव म्हणावं.”

सकाळी कॉटशेजारी दोघांची पूजा झाल्यावर तिला स्वतःचं लिंग फडक्यात बांधता येईना. गाठ सारखी निसटत होती. “आण इकडं,” म्हणून त्यांनी फडकं घेतलं, खिडकीकडं तोंड करून बांधलं आणि तिच्या गळ्यात घातलं. दुकानात पुडीला मारतात तशी गाठ. “मी काय मसाला हाय?” ती करवादली होती.

तिनं पाठ फिरवून पदराआड हात घातला. एक टोक ओढताच गाठ सुटली. फडक्यात दोन काळी लिंगं एकमेकांना टेकून होती. एकाच्या लिंगाला दुसऱ्यानं हातही लावू नये, असं मठातले स्वामी सांगत. तिनं फडकं मिटलं. तशीच गाठ मारायला गेली, ती जमली नाही. मग आपल्या पद्धतीनं बांधली, एकावर एक, घट्ट.

“सापडलं का गं?” नागव्वानं विचारलं.

“व्हय.”

“कुटं हुतं?”

महादेवीनं त्या गाठीवरून पदर सारखा केला आणि बंद दाराकडं पाहिलं.

“त्यांच्यापाशीच हाय,” ती म्हणाली.