थेंब आणि अंगठा

म्हसावदला माझे बाबा कातडी कमावतात. केस काढायला चुन्यात बुडवलेली कातडी ते मग कोंड्याच्या आंबट पाण्यात ठेवतात आणि चुना उतरला का, हे नुसतं अंगठ्यानं दाबून सांगतात. मी कसली विश्वास ठेवते! शहाद्याच्या कॉलेजातून फिनॉल्फ्थॅलीन आणलं. चुना असला की ते गुलाबी होतं.

"आजून चुना शे," बाबा म्हणाले. मी कातडीचा काठ कापून कापल्या जागी थेंब टाकला. मधोमध गुलाबी रेघ!

दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगठ्याचा ठसा कातडीवर तसाच राहिला. "उतरना," म्हणजे चुना उतरला, असं बाबा म्हणाले. मी थेंब टाकला. रंग आलाच नाही. मी नाचायलाच लागले.

"काहीच तर नई व्हयनं!"

"तेच तर, बाबा!"

बाटली बाजूला सारून त्यांनी माझा अंगठा दुसऱ्या कातडीवर दाबला.

"आते तू सांग."