रखमाबाईंच्या थर्मासातली काळी कॉफी

मित्रांनो, मी एक जुना थर्मास. रंगाने हिरवा, झाकणाला चीर गेलेला, बदलापूरच्या कुळगावात रखमाबाईंच्या फळीवर बसलेला. बाहेरून प्लॅस्टिक, आत पातळ काच. एकदा धरलेली ऊब सहजी सोडायची नाही, हा माझा स्वभाव.

उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातल्या बाजारातून रखमाबाईंनी मला भरपूर घासाघीस करून आणलं. सोमवारी त्यांचा उपास असे. चहाने पित्त व्हायचं, म्हणून त्या माझ्यात काळी कॉफी भरून शेतावर न्यायच्या. अन्न पोटात गेलं नाही म्हणजे उपास शाबूत, अशी त्यांची समजूत. मलाही ती पटली होती.

१९८८ साली त्यांचा मुलगा कमळाकर अंबरनाथच्या एका कारखान्यात कायम होणार होता. पाच वर्षं तो तिथे टेंपररी म्हणून राबला होता. आता फक्त डॉक्टरी तपासणी उरली होती आणि रक्त उपाशीपोटी द्यायचं होतं. पोरगं चक्कर येऊन पडेल, या काळजीने रखमाबाई मला घेऊन सोबत गेल्या. लॅबच्या बाकावर त्यांनी त्याला कॉफी पाजली. ती कशी वाफाळती राहिली, म्हणून मी वेडा खूश झालो!

रिपोर्टात साखर जास्त आली. कारखान्याने आणखी एकच संधी दिली. पुन्हा तसंच आलं, तर नोकरी गेली. घरात कुणाला घास गोड लागेना. रखमाबाईंनी तर पोराच्या ताटातला गूळही बंद केला.

दुसऱ्या तपासणीलाही त्या मला काठोकाठ भरून घेऊन गेल्या. झाकणात कॉफी ओतली. कमळाकर ती तोंडाला लावणार, तेवढ्यात रक्त घेणाऱ्या मीनलताई बाहेर आल्या.

“मावशी, हे काय देताय?”

“काली कॉफी हाय गो. दूध नाय त्यात. उपासाला चालते.”

“आणि साखर?”

“घातली ना, दोनच चमचे. तेवढ्यानं काय होतंय? कडू कशी पिल तो?”

“मागच्या वेळीही दिली होती?”

रखमाबाईंनी होकारार्थी मान हलवली. मीनलताई त्यांच्याशेजारी बसल्या. “मावशी, देवाच्या उपासाला चालते. या टेस्टला फक्त पाणी. बिनसाखरेची कॉफीसुद्धा नको.”

“म्हंजे मीच पोराच्या पोटावर पाय दिला?” रखमाबाईंना रडू फुटलं. मला फार वाईट वाटलं. भरून तर माझ्यातूनच आली होती ती.

“आये, तू मायेनंच दिलीस ना,” म्हणत कमळाकरने कॉफी परत माझ्यात ओतली आणि तो आत गेला. रखमाबाई माझं झाकण दोन्ही हातांनी दाबून बसून राहिल्या. तो हातावर कापूस धरून बाहेर आला, तेव्हाच त्यांनी मला उघडलं. रिपोर्ट चांगला आला. कमळाकर कायम झाला.

आठ वर्षांनी रखमाबाईंच्याच रक्ताची तपासणी निघाली. कमळाकर मला घेऊन त्यांच्यासोबत गेला. सुई निघाल्यावर त्याने झाकण पुढे केलं, तर त्या म्हणाल्या, “आधी ताईला विचार, आता चालंल का?”

मित्रांनो, तुम्हीही आधी विचारा. आणि मायेने चुकलेल्या माणसाला रागावू नका. कॉफीचं काय, ती थांबते. तिला गरम ठेवायला मी आहे ना!