सात नंबरला विसरता येत नाही

मित्रांनो, मी लाम्पांग गावातल्या बुनरुआन मावशींच्या इंटरनेट दुकानातला एक जुना संगणक आहे, सात नंबरचा. सध्या पोलिसांच्या एका खोलीत आहे, आणि मला फार भीती वाटते.

दुकानात मावशींनी मला खिडकीजवळ बसवलं. रोज फडक्याने पुसायच्या. "सात नंबर कधी दगा देत नाही," असं गिऱ्हाइकं म्हणायची आणि मी फुगून जायचो. पुढे ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आला. माझ्याकडे उरले एकटे इन्ताकाका. वय एकाहत्तर, जन्मभर घोडागाडी हाकलेली. एका बोटाने टाइप करायचे.

"काका, घोडे पळवायचात ना? इथे बैलगाडी कशी झाली?" मावशी चिडवायच्या.

"पोचतोय ना? मग झालं!"

एका दुपारी काकांनी इंटरनेटवर राजघराण्याबद्दल दोन ओळी लिहिल्या. त्या मी सांगणार नाही. आमच्या देशात त्या परत सांगणाऱ्यालाही राजाच्या अपमानाचं कलम लागू शकतं, तीन ते पंधरा वर्षं कैद. मावशींनी मागून वाचलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"काका, वेड लागलंय का? पुसा आधी!"

"माझं कोण वाचतंय गं?"

"वाचणारे पगार घेऊन वाचतात!"

काकांनी पुसलं. दोघांनी सुटकेचा निःश्वास टाकला, हसलेसुद्धा. पण पडद्यावरून पुसलेलं माझ्या पोटात राहिलं होतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं. सांगणार कसं?

नवव्या दिवशी दोन माणसं आली. दाराशी बूट काढले, हात जोडले आणि हळू आवाजात विचारलं, "सात नंबर कुठला?" त्या नम्रपणानेच मला धडकी भरली. मावशी बर्फाच्या चहाचा पेला घेऊन पुढे आल्या, अडखळल्या आणि सगळा चहा माझ्यावर ओतला.

"अगंबाई! गेला बिचारा!"

रोजचं फडकं मात्र त्यांनी उचललं नाही. मीही मनापासून मरायचा प्रयत्न केला. पण ती माणसं मला उचलून घेऊन गेली, आणि त्याच संध्याकाळी काकांनाही. काकांनी लिहिलं तरी काय, असं सगळी गल्ली विचारत राहिली. उत्तर द्यायला कोणी धजेना.

इथल्या तंत्रज्ञाने मला उघडलं आणि तो खूश झाला. "वा! चहा आत पोचलाच नाही. जुन्या मालाची गोष्टच वेगळी!" माझं एवढं कौतुक कधीच झालं नव्हतं. दोन्ही ओळी जशाच्या तशा निघाल्या.

काल काकांना ओळख पटवायला आणलं. पायात साखळी होती.

"हाच ना?"

"हाच." काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "लिहिलं मी. ह्याला आणि त्या दुकानवालीला उगाच छळू नका."

आता मला गार खोलीत, प्लास्टिकच्या वेष्टनात ठेवलंय. धुळीचा कणही बसू देत नाहीत. वस्तूंची काळजी घ्या, असं आम्ही वस्तू आत्मकथेच्या शेवटी सांगत असतो. मित्रांनो, माझी काळजी घेऊ नका. खटला उभा राहायच्या आत कोणीतरी मला उचला आणि जमिनीवर आपटा.