म्हातारी मोटर

त्याने रेकॉर्ड प्लेअरचा स्पीडचा खटका तेहतीसवरून पंचेचाळीसवर सरकवला आणि सुई ठेवली. सॅक्सोफोन पळतच सुटला. मागून ड्रम्स, थांबायचं नावच नाही.

"आई! ऐकतेयस का? जन्मभर चुकीच्या स्पीडवर वाजवली आपण ही!"

सत्तरच्या दशकातली जॅझची रेकॉर्ड. युरोपातल्या कुठल्याशा पाच जणांची. बाबा गोदीत फिटर होते, तेव्हा एका परदेशी खलाशाने दिलेली. कव्हरवरची भाषा घरात कुणालाच येत नव्हती. इतकी वर्षं जगात कुणी तिला विचारलं नाही आणि आता नेटवर लोक तिला डोक्यावर घेऊन नाचत होते. 'इतका सुसाट ड्रमर ऐकला नाही,' असं कुणीतरी लिहिलेलं. सुसाट? त्यांच्या घरातली ती सगळ्यात संथ वस्तू. बाबांपेक्षाही संथ. मग त्याने मधल्या गोल कागदावर भिंग धरलं. एवढी मोठी रेकॉर्ड म्हणजे तेहतीसचीच, असं तो धरून चालला होता. तिथे बारीक अक्षरात पंचेचाळीस छापलेलं.

आई हात पुसत आली आणि तिने सुईच उचलली.

"बाबा येतील आता. त्यांच्यासमोर नको लावूस हे."

"अगं, का? खूश होतील!"

"शहाणाच आहेस." तिने दाराकडे बघत आवाज उतरवला. "आम्ही याच स्पीडवर नाचायचो. दर रविवारी. मग त्यांच्या पायावर ते लोखंड पडलं. सहा महिन्यांनी उभे राहिले, पण ठेका काही गाठता येईना. इतके चिडले! म्हणाले, विकून टाक तो डबा. मग एकदा मी गुपचूप खटका मागे घेतला. म्हटलं, मोटर म्हातारी झालीय, हळू फिरते."

"आणि त्यांना पटलं?"

"पटलं की. लगेच उठून नाचलेसुद्धा." ती हसली, मग एकदम गंभीर झाली. "चाळीस वर्षं झाली. आता कळलं तर काय वाटेल रे त्यांना? मला त्यांची दया आली होती, असं वाटेल."

जिन्यात पावलं वाजली. एक जड, एक हलकं.

बाबा आत आले, भिंतीला धरून बूट काढले.

"रविवार आहे ना आज? मग शांतता कसली? लाव की."

त्याने आईकडे पाहिलं. आईने मानेनेच 'लाव' म्हटलं. त्याने सुई ठेवली, आणि सॅक्सोफोन पळत सुटला. खटका मागे घ्यायचा राहिलाच होता, पंचेचाळीसवरच होता.

आई जागच्या जागी थिजली.

बाबा लंगडत प्लेअरपाशी गेले. न बघताच, अंगठ्याने, त्यांनी खटका मागे ओढला. सूर खाली आला, हळू झाला, घरातला झाला.

"मोटर आज भलतीच तरुण झाली होती," ते म्हणाले, आणि त्यांनी आईपुढे हात केला.

आईने कोरडे हात पुन्हा एकदा पुसले.