भिंतीकडे वळवलेला बिल्ला

त्या दुपारी माझ्या अंगावर ओले टॉवेल वाळत घातलेले होते, आणि मी नेहमीसारखा चिडलेला होतो. मित्रांनो, मी किल्ल्यांचा फळा आहे. आठ ओळी, शहाण्णव हुक, विद्यापीठाच्या वसतिगृहात स्वागताच्या टेबलामागे सतरा वर्षं काढलेला. टॉवेल वाळवायला काही माझा जन्म झालेला नाही. पण ते टॉवेल जिने घातले होते तिच्यावर मला कधी रागावता आलं नाही, म्हणून मी उरलेल्या जगावर रागवत असे. उरलेलं जग त्या लायकीचं होतंच.

ती चादरींच्या खोलीची बाई. सगळे तिला मावशी म्हणत. तिची खोली तळघरात, दोन उंच झरोक्यांची, आणि आता मीही तिथेच टांगलेला. मधोमध एक लांबलचक टेबल आणि चारी भिंतींना चादरी, अभ्रे, ब्लँकेटं छतापर्यंत रचलेली. उन्हाळी परिषदा तोंडावर आल्या होत्या आणि मावशीचा खांदा दुखत होता, म्हणून तिची लेक मदतीला आली होती. एका शाळेच्या ग्रंथालयात ती काम करते. अबोल आहे. चाळिशीला टेकली आहे.

"कोपरा धर," मावशी म्हणाली.

"धरलाय."

"याला धरणं म्हणत नाहीत. मेलेला उंदीर उचलल्यासारखी चिमटीत काय धरतेस?"

"आई, चाळीस वर्षांची झाले मी."

"मग चाळीस वर्षांत चादर धरता आली नाही, हे बाहेर कुणाला सांगू नकोस."

लेक हसली. दोघींनी मिळून चादरीची घडी घालायची म्हणजे दर घडीला एकमेकींच्या जवळ यावं लागतं, इतकं की बोटांना बोटं लागतात. मग पुन्हा लांब. अशाच एका घडीला, बोटं लागलेली असताना, लेक म्हणाली, "आई, त्या उन्हाळ्यात..."

"दुसरं टोक जमिनीवर लोळतंय बघ," मावशी म्हणाली.

लेकीने टोक उचललं. विषय तिथेच संपला. तो सव्वीस वर्षं तिथेच संपत आला होता. संध्याकाळी मावशीने दिवा मालवला, कडी घातली, आणि दोघी काहीतरी भाजीपाल्याचं बोलत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचं आधण ठेवताना मावशी घरात कोसळली, ती उठली नाही. मला हे कुणी सांगायला आलं नाही. माझ्या अंगावरचे टॉवेल चार दिवस कुणी काढले नाहीत, त्यावरून मी समजलो.

आता मी माझी गोष्ट सांगतो, कारण ती तिचीच गोष्ट आहे.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतलं एक टेबल मोडीत निघालं होतं. विद्यापीठाच्या सुताराने त्यातून मला कापलं. माझ्या खालच्या कोपऱ्यात आम्ल सांडल्याचा काळा डाग अजून आहे. सुतार म्हणाला, "डाग राहू दे, किल्ल्यांना काय करायचंय?" त्याने माझ्यावर रंधा मारला, पितळेचे हुक ठोकले, आणि मी वसतिगृहाच्या दारासमोर चढलो. त्याच आठवड्यात मावशी स्वागताच्या टेबलावर कामाला लागली. तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि तिला कुणी मावशी म्हणत नव्हतं.

उन्हाळ्यात विद्यार्थी घरी गेले की खोल्या धुऊन पुसून परिषदेच्या पाहुण्यांना देतात. पाहुणे गळ्यात नावाच्या पट्ट्या अडकवून येतात. त्यांना उशी जास्त हवी असते, पंख्याचा आवाज कमी हवा असतो, आणि दोन्ही आत्ताच्या आत्ता हवं असतं. 'माणसामाणसांतला संवाद' अशा विषयावर एकदा तीन दिवस परिषद झाली. त्या तीन दिवसांत टेबलामागच्या बाईला एकानेही नाव विचारलं नाही. सगळे "अहो, जरा इकडे" म्हणत. एक विद्वान तर बोटांनी टेबल वाजवत. मी लाकडाचा आहे म्हणून गप्प बसलो. ती लाकडाची नव्हती, तरी गप्प बसली आणि टॉवेल देत राहिली.

आणि तिने एक पद्धत काढली. नीट ऐका, कारण सगळं या पद्धतीवर उभं आहे. प्रत्येक खोलीच्या दोन किल्ल्या असत. एक पाहुण्याकडे, दुसरी कायम माझ्या हुकावर. हुकावरच्या किल्लीला गोल पितळी बिल्ला, त्यावर खोलीचा क्रमांक. कुणी पाहुणा आजारी असला, फार वयस्कर असला, एकटा असून जेवायला उतरला नसला, की मावशी त्याच्या किल्लीचा बिल्ला भिंतीकडे वळवून ठेवी. क्रमांक दिसायचा नाही. टेबलावर कुणीही असो, दर दोन तासांनी फेरी मारायची आणि ज्यांचे बिल्ले वळवलेले आहेत त्यांची दारं वाजवायची. "बरं आहे ना? पाणी आणू?" एवढंच विचारायचं. हे कुठल्याही नियमात नव्हतं. पाळी बदलताना ती तोंडी सांगे, आणि तिला सांगायला जमलं नाही तर मी सांगत असे. या पद्धतीमुळे दोन माणसं वेळेवर दवाखान्यात पोहोचली, आणि रडत बसलेल्या कितीतरी जणांना चहा मिळाला. माझ्याकडे पाहून एकदा एक पाहुण्या बाई म्हणाल्या होत्या, "किती गबाळा फळा आहे." मला तेव्हा फार अभिमान वाटला होता.

तिच्या नोकरीच्या अकराव्या उन्हाळ्यात एक वृद्ध प्राध्यापक आले. आले तेच तापाने फणफणलेले. दुपारी बाराला मावशीने त्यांचा बिल्ला वळवला. दोनच्या सुमाराला निरोप आला, की चारला मोठे साहेब पाहणीला येणार आहेत, पलीकडच्या इमारतीतल्या खाटा अजून लागलेल्या नाहीत, ताबडतोब या. संध्याकाळच्या पाळीचा कारकून तीनला यायचा होता. शाळेला सुट्टी म्हणून तेरा वर्षांची लेक टेबलाशी बसून होती. मावशी तिला म्हणाली, "कारकून येईपर्यंत बस. कुणी आलं तर नाव लिहून घे." आणि पळाली.

वळवलेल्या बिल्ल्यांचा अर्थ मुलीला कुणी सांगितलेला नव्हता. तिला वाटलं, साहेब येणार, आईचा फळा असा वेडावाकडा दिसायला नको. तिने फडकं घेतलं, स्टुलावर चढली, आणि शहाण्णवच्या शहाण्णव बिल्ले पुसून, चकचकीत करून, सगळ्यांचे क्रमांक बाहेर करून ठेवले. तिच्या बोटांतला आनंद मला कळत होता. मी ओरडू शकलो असतो तर माझ्या फळ्या तडकल्या असत्या.

कारकून आला. म्हणाला, "अरे वा, आज फळा शिस्तीत आला की!" मुलगी लाजली आणि मागच्या बाजूला खेळायला गेली. पुसलं कुणी, हे त्याने विचारलं नाही. एकही बिल्ला वळवलेला नव्हता, म्हणून चारची फेरी झाली नाही. सहाची झाली नाही. साडेसहाला मावशी परत आली, तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि जिन्याने वर धावली.

प्राध्यापक पलंगाच्या कडेला जमिनीवर पडलेले होते. ते वाचले, पण अर्धांगवायूने उजवा हात कायमचा गेला. डॉक्टर म्हणाले, दोन तास आधी आणलं असतं तर.

दवाखान्याची गाडी गेल्यावर मावशी खाली आली. टेबलामागे मुलगी उभी होती आणि फडकं अजून तिच्या हातात होतं. मावशीने ते तिच्या हातातून काढून घेतलं, घडी करून खणात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी माझ्यासमोरच चौकशी झाली. मोठे साहेब टेबलाशी बसले. कारकुनाने सांगितलं, बिल्ला सरळ होता, मी काय करणार. ते खरं होतं. साहेबांनी मावशीला विचारलं, "तुम्ही वळवला होता का?"

मावशी म्हणाली, "नाही साहेब. विसरले मी."

मुलगी टेबलामागे, दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिने तोंड उघडलं होतं. मी स्वतः पाहिलं आहे. आणि मग तिने ते मिटलं.

मित्रांनो, तेरा वर्षांच्या मुलीवर रागावू नये, हे मला समजतं. मी रागावलो ते तिच्या पुढच्या वर्षांवर. अठराव्या वर्षी तोंड होतं, पंचविसाव्या वर्षी होतं. ढीगभर पुस्तकं वाचली तिने. त्यातल्या एकातही एवढं एक वाक्य बोलायची रीत सापडली नाही?

मावशीची बदली तळघरात झाली, चादरींच्या खोलीत. अकरा वर्षं जिने डोळ्यांत तेल घालून माणसं सांभाळली, तिला माणसांपासून लांब ठेवलं गेलं. वर परिपत्रक लागलं, 'फळ्यावरील सर्व बिल्ले दर्शनी बाजूस असावेत.' पुढची सहा वर्षं मी शिस्तीत लटकलो. कोण आजारी आहे, कोण उपाशी आहे, मला माहीत नव्हतं, आणि दुसऱ्या कुणालाही नव्हतं. सगळे पाहुणे म्हणत, किती टापटीप आहे. मग कार्डाने उघडणारी कुलपं आली आणि मला मागच्या दाराशी कचऱ्याच्या पिंपाला टेकवून ठेवलं. मावशीने मला पाहिलं, ओढत जिना उतरवला आणि आपल्या खोलीत टांगलं. "ये बाबा," एवढंच म्हणाली, "तुलाही खाली पाठवलं होय?"

याहून वाईट पुढेच होतं. तो कारकून चढत चढत पाहुण्यांच्या सगळ्या व्यवस्थेचा साहेब झाला. दर उन्हाळ्याला हंगामी कामाला नव्या मुली येत. खोली थंड आणि टेबल मोठं, म्हणून तो त्यांना तळघरात आणी. मावशी त्यांना पलंग कसा लावायचा ते शिकवी. पण त्याआधी साहेब माझ्यावर बोट ठेवून गोष्ट सांगे. "कर्मचाऱ्याच्या एका विसरण्याने एका थोर माणसाचा हात गेला. नाव मी घेत नाही." असं म्हणून तो थांबे, आणि नजर इकडे तिकडे फिरवी. मुली हळूच मावशीकडे बघत. मावशी हातात चादर घेऊन उभी असे. गोष्ट संपली की म्हणे, "चला पोरींनो, कोपऱ्यापासून सुरुवात करू." वीस उन्हाळे मी हे ऐकलं. तिने तर त्याआधीचेही सहा ऐकले होते, मी वर होतो आणि तो नुसता कारकून होता तेव्हाचे. लेकीला याची कधी कुणकुण लागली नाही. मावशीने लागू दिली नाही.

तुम्हाला वाटेल, आता हा फळा म्हणणार, जुन्या वस्तूंची निगा राखा, आम्हाला पुसा, पॉलिश करा. नको. मला पॉलिश करू नका. मला एकदा चकचकीत केलं होतं, त्याचं काय झालं ते तुम्ही ऐकलंत. निगा राखायचीच असेल तर टेबलामागे उभ्या असलेल्या माणसाची राखा, तो जिवंत आहे तोवर. त्याचं नाव विचारा. आणि तुमच्या वाट्याचं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फुटलेलं असेल, तर उद्यावर टाकू नका.

मावशी गेल्यावर दोन आठवड्यांनी लेक खोलीच्या किल्ल्या परत करायला आली. आईचा चष्मा, कात्री आणि खुर्चीवरची मऊ उशी तिने पिशवीत भरली. तेवढ्यात साहेब आठ मुलींना घेऊन जिना उतरला.

"ताई, तुम्ही? बसा, बसा. पाच मिनिटांत मोकळा होतो."

ती आईच्या खुर्चीत बसली. साहेब माझ्याजवळ आला.

"मुलींनो, हा फळा बघा. यावर एक चूक घडली होती." तो सांगत गेला, ताप, बिल्ला, जमिनीवर पडलेले प्राध्यापक, गेलेला हात. शेवटी त्याने आवाज मऊ केला. "इतकी वर्षं मी नाव घेतलं नाही. आता बाई गेल्या, तेव्हा हरकत नाही." आणि त्याने मावशीचं नाव घेतलं, आडनावासकट. "स्वभावाने चांगल्या होत्या हो. पण विसराळू."

एक मुलगी पुटपुटली, "बाप रे, कसं विसरवतं?" दुसरी म्हणाली, "लक्ष नसणार कामात."

लेक उठली. पिशवी खाली ठेवली. तिचा आवाज ग्रंथालयात असतो तेवढाच होता.

"ही गोष्ट दरवर्षी सांगता?"

"हो ना. प्रशिक्षणाचा भाग आहे."

"आईसमोर?"

साहेब जरा अडखळला. "त्या कधी काही म्हणाल्या नाहीत."

"नाही. ती म्हणणारच नव्हती." ती मुलींकडे वळली. "तो बिल्ला आईने बाराला वळवला होता. मी दुपारी स्टुलावर चढले आणि सगळे सरळ केले. मी तेरा वर्षांची होते. ती चौकशीत खोटं बोलली, माझ्यासाठी, आणि मी टेबलामागे उभी राहून ऐकलं."

"ताई, आता इतक्या वर्षांनी हे कशाला..."

"तुम्ही थांबा, साहेब. तुम्ही सव्वीस वर्षं बोललात."

मुलींपैकी कुणीतरी खाली बघितलं. लेकीने रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, आणि मग ती त्या मुलींशी बोलत नव्हती, साहेबाशी तर नव्हतीच.

"आई, तू विसरली नव्हतीस," ती म्हणाली. "मी केलं होतं ते."