काडीवरचं अंडं

टेकडीच्या उतारावर जमलेली सगळी गर्दी श्वास रोखून एका अंड्याकडे बघत होती. मेलेल्यांच्या आत्म्यांशी बोलणाऱ्या गुरू विन्हनं जेवायची एक काडी जमिनीत रोवली होती आणि तिच्या जाड टोकावर तो अंडं ठेवत होता. ते पडलं.

"आत्मा लाजतोय," तो म्हणाला. पुन्हा पडलं. "आईनं हाक मारावी."

"लुआन, बाळा, ये रे," खुयेन म्हातारीनं हाक मारली. युद्धात गेलेल्या या लेकाचं हाडदेखील घरी आलं नव्हतं. आणि या खेपेला अंडं उभं राहिलं.

लोकांनी हात जोडले. अंडं उभं राहतं तिथंच माणूस पुरलेला असतो, हे सगळ्यांना पाठ होतं. विन्हनं डोळे मिटले. "तो म्हणतोय, आई, इथं फार ओल आहे गं, मला घरी ने."

म्हातारीची धाकटी लेक थोआ हे सगळं बघत होती. ती गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची, पण भाऊ तिचाही होता. मेलेल्या भावाच्या तोंडी हा लबाड आपले शब्द घालत होता.

विन्हच्या माणसांनी खणलं. काळी माती आणि एक दाढ निघाली. ती लाल फडक्यात घालून म्हातारीला दिली. म्हातारीनं त्या दाढेचे मुके घेतले. मागं आणखी कितीतरी घरं आपली पाळी यायची वाट बघत होती.

थोआनं नैवेद्यातलं एक अंडं उचललं, काडी घेतली आणि चहाच्या टपरीमागं, मुतारीशेजारी जाऊन बसली.

"बाई, आत्म्यांचा अपमान होतोय," म्हणत विन्ह मागोमाग आला, आणि त्याच्यामागं म्हातारी आणि सगळी गर्दी.

"गप बसा हो जरा, हात हलतो."

अंडं पडलं, परत पडलं, मग उभं राहिलं.

"इथं कोण पुरलंय, गुरुजी?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. "तुमच्या मनात भाव नाही," विन्ह पुटपुटला.

"भाव नाही, तरी राहिलं की. टोक जाड, कवच खरबरीत, हात स्थिर, एवढंच लागतं. पडलं की आत्मा लाजला, राहिलं की पुरावा! यात तुम्ही हरणार कधी? आई, जन्मभर डुकरं पाळलीस तू. ती दाढ नीट बघ."

म्हातारीनं दाढ उन्हात फिरवून पाहिली. मग ती फडक्यासकट खाली टाकली आणि कितीतरी वेळ तोंड पुसत राहिली.

थोआ वळून लोकांना म्हणाली, "आपलं दुःख खरं आहे. म्हणून समोरचा सांगतो तेही खरं, असं होत नाही. रडा, पण डोळे उघडे ठेवून."

"चल घरी," आई म्हणाली.

"गावात काय सांगायचं?"

"सापडला नाही म्हणून सांगू. माझ्या लेकाच्या नावानं मला डुकराला उदबत्ती लावायची नाही."