दोघा भावांत एक बिल्ला

सुंदरानं कपाळाला कुंकू लावलं, पण सवय मोडलेली, चिरी भुवईवर उतरली. नवरा जाऊन तीन महिने झाले होते, आणि आज पुन्हा सवाष्ण बनून खालापूरच्या कचेरीत जायचं होतं. थोरली जाऊ जयवंता, जिचा नवरा धडधाकट घरात बसलेला, ती डोरलं काढून मोकळ्या कपाळानं निघाली. काय वेळ आणली होती बायांवर!

घोटाळा साधाच होता. खडीच्या खाणीवर कामाला पितळी बिल्ला लागे, आणि येसाजी-मालोजी या दोघा भावांत बिल्ला एकच, थोरल्या येसाजीच्या नावाचा. आठवडाभर एकानं खाणीवर जायचं, दुसऱ्यानं आपल्या गावची, कडावची भातखाचरं बघायची. मुकादम आबाजीला हे ठाऊक होतं. पण त्याला कामाशी मतलब, नावाशी नाही. अपघाताच्या दिवशी पाळी येसाजीची. त्याला ताप भरला म्हणून सुंदराचा मालोजी गेला. कुणी शिट्टी न वाजवताच सुरुंग उडवला आणि मालोजी दगडांखाली सापडला. खाणीच्या कागदावर मात्र मेला येसाजी.

"खरं सांगाल तर दमडी मिळायची नाय," आबाजीनं बजावलं होतं. त्याची स्वतःची मानही त्यात अडकलेली. "मालोजी आमचा मानूसच नव्हं म्हनतील, वर फसवनुकीची फिर्याद. जयवंताला विधवा म्हून उभी करा, सुंदरा सोबतीला सवाष्ण म्हून जाऊ दे. भरपाई मिळंल ती सुंदराच्या पोरींना द्या."

दोन पोरी, त्यातली एक अजून अंगावर पिणारी. सुंदरानं मान डोलावली.

कचेरीत तिची नजर दाराकडेच होती. दारात सावली हलली की वाटे, आला कुणीतरी कडावचा, आता विचारणार, सुंदरे, कुंकू कसं गं? भरपाईचे दावे ऐकणाऱ्या साहेबासमोर खाणीचा कारकून हजेरीबुक घेऊन बसला होता.

"मयत येसाजी तुझा कोण?" साहेबानं विचारलं.

"मालक माजं," जयवंता म्हणाली आणि रडू लागली. ते रडणं खोटं नव्हतं. जिवंत नवऱ्याला मेला म्हणताना कुणाचं काळीज जाग्यावर राहील?

"ही मागची बाई?"

"मयताची भावजय, साहेब," कारकून म्हणाला.

"तुझा नवरा कुठंय, बाई?"

"घरी हाय," सुंदरा म्हणाली. म्हणताना क्षणभर तिला तसंच वाटलं.

कारकून हसला. "बघा साहेब! सख्खा भाऊ चिरडून मेला, आणि हे महाशय घरी. बायकांना पुढं घालून पैशाची वाट बघत बसले असतील."

जयवंतानं तिचा हात गच्च दाबला. सुंदरानं पोरींची तोंडं डोळ्यांपुढं आणून पाहिली. पण तळपायाची आग मस्तकाला गेलीच.

"त्यास्नी काय बोलू नका!" ती ओरडली. "भावाला ताप व्हता, म्हून त्याच्या जागी गेलं. त्येच मेलं, सायेब! ह्ये कुंकू खोटं हाय." आणि तिनं पदरानं कपाळ खसाखसा पुसलं.

"घात केलास गं, सुंदरे," जयवंता मटकन खाली बसली. पण बोलता बोलता तिनं कमरेला खोचलेलं डोरलं काढून मुठीत घट्ट धरलं.

"म्हणजे आमचा माणूस मेलाच नाही!" कारकुनानं घाईघाईनं हजेरीबुक मिटलं.

"उघडा ते," साहेब म्हणाला. "खाणीत एक माणूस मेला, असं तुम्हीच लिहून दिलंय." मग तो सुंदराकडे वळला. "बाई, तुझा हक्क राहतो की जातो, ते आज मी सांगू शकत नाही. आधी मेला कोण, ते लिहू दे. नवऱ्याचं नाव सांग."

बायकांच्या रीतीप्रमाणे जयवंता तिच्या वतीनं सांगायला उठली. सुंदरानं तिला हातानं अडवलं. नऊ वर्षांच्या संसारात हे नाव तिनं चारचौघांत कधी सरळ घेतलं नव्हतं.

"मालोजी," ती म्हणाली. साहेबाला ऐकू गेलं नसेल असं वाटून पुन्हा मोठ्यानं म्हणाली, "मालोजी. लिवा, सायेब."